टेक्ससला येताना: उशाशी पिस्तूल हवं का?

तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर ह्यूस्टनला येताय, बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी, राहणार भाड्याच्या घरात. होणाऱ्या सहकाऱ्यांनी सांगितलंय की इथे रात्री हाताशी गन हवीच, आणि तुम्ही विचारताय की आल्या आल्या घ्यावी का. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, घरात पिस्तूलही आहे. तरी माझं उत्तर आहे, सध्या नको.

सहकारी बहुतेक इथले नागरिक असतील, त्यामुळे तुमची अडचण त्यांच्या गावीही नसते. घरात पिस्तूल ठेवायला टेक्सस राज्य लायसन्स मागत नाही हे खरं, पण वर केंद्राचा कायदा आहेच. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. विकत घेणं सोडाच, मित्राची आणून घरात ठेवली तरी तो गुन्हा, आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांच्या उपयोगाचा म्हणजे राज्याचं शिकारीचं चालू लायसन्स. ते काढून, दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून व्हिसावरची माणसं रीतसर पिस्तूल घेतातही. पण लायसन्सची मुदत संपली की कपाटातलं तेच पिस्तूल बेकायदेशीर होतं. बायको एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असेल, म्हणजे तिलाही हीच मनाई. तिजोरीचा कोड तिला माहीत असेल तर तिच्याकडे स्वतःचं लायसन्स हवं, कारण ‘बाळगणं’ म्हणजे फक्त हातात धरणं असं कोर्ट मानत नाही.

आणि नोकरी गेली तर? ठरावीक मुदतीत दुसरी सोय झाली नाही आणि तुमचा इथे कायदेशीर राहण्याचा दर्जा संपला, की शिकारीचं लायसन्सही कामाचं नाही. संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेल्या रेहाइफ नावाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठानं काढून टाकलं होतं. पुढे तो शूटिंग रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवून आला, एवढ्यावरून खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. आपला दर्जा संपलाय हे त्याला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं होतं, असं म्हणत सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये निकाल फिरवला. तोवर त्याचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, हेही लक्षात असू द्या.

कायदा झाला. आता रात्रीचं बोलू. लोक विचारतात, पिस्तूल किती सेकंदांत हाती येईल? मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो असा, की गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला अंधारात समोर कोण आहे हे कळेल का? शेजारच्या लुइझियानात, बॅटन रूजला, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये योशिहिरो हातोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला म्हणून चुकीच्या घरी गेला. घरमालकानं ओरडून थांबायला सांगितलं, त्याला ते कळलं नाही, गोळी लागून तो गेला. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला, दिवाणी दाव्यात मात्र साडेसहा लाख डॉलरच्या आसपास भरपाई बसली. झोपेतून उठलेला माणूस तर तिथे नव्हताच, संध्याकाळची वेळ होती. आपल्याकडे तर भारतातून आई-बाबा आले की जेट लॅगमुळे रात्री तीनला स्वयंपाकघरात खुडबुड सुरू होते!

भिंतींचंही बघा. इथली घरं लाकडी चौकटीची, आतल्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांच्या. पिस्तुलाची गोळी अशा दोन-चार भिंती सहज पार करते, आणि पलीकडे मुलीची खोली असते किंवा शेजारी.

माझं पिस्तूल पलंगाशेजारी छोट्या तिजोरीत असतं. तिजोरी पोलादी तारेनं पलंगाच्या चौकटीला बांधलेली, यांत्रिक बटणांची. बोटाच्या ठशांवर उघडणारी मला नको होती, घामेजल्या बोटाला ती दाद देईलच असं नाही. शेजारी वेगळी टॉर्च, कारण बघण्यासाठी पिस्तूल रोखावं लागू नये. उशीखाली किंवा ड्रॉवरमध्ये कधीच नाही. निष्काळजीपणामुळे भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर टेक्ससमध्ये मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होतो. पुढेमागे मॅसॅच्युसेट्सला बदली झाली तर तिथे मुळात लायसन्स लागतं आणि बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं आहे.

आणखी एक गोष्ट, आपल्यात कुणी बोलत नाही म्हणून. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० मृत्यू झाले, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. नव्या देशात पहिलं वर्ष एकटेपणाचं जातं, घरी बसलेल्या जोडीदाराचं तर फारच. त्या वर्षात घरात पिस्तूल असू नये असं मला वाटतं.

त्याऐवजी दाराकडे लक्ष द्या. टेक्ससच्या कायद्यानुसार घरमालकानं बाहेरच्या दारांना फक्त आतून लागणारा बोल्ट आणि दारातून बघायचं भिंगाचं छिद्र द्यायला हवं, आणि नवा भाडेकरू राहायला आल्यावर सात दिवसांच्या आत स्वखर्चानं कुलपाच्या किल्ल्या बदलायला हव्यात. हे लेखी मागा. डेडबोल्ट (दाराच्या कुलपाचा जाड दांडा) चौकटीवरच्या ज्या पट्टीत बसतो तिचे स्क्रू बरेचदा आखूड असतात, लाथेसरशी निघतात. परवानगी घेऊन तीन इंची स्क्रू लावून घ्या, काही डॉलरचं काम आहे. रात्री आवाज आला तर खाली बघायला जाऊ नका. तिघं एका खोलीत, दार बंद, ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन, आणि युनिट नंबरासकट पत्ता बायकोलाही पाठ हवा.

मुलगी शाळेत जाऊ लागली की मैत्रिणींकडे खेळायला बोलावणी येतील. तेव्हा त्या मैत्रिणीच्या आईवडिलांना आधी विचारा, घरात बंदूक आहे का आणि कुलपात असते का. मी दर वेळी विचारतो, अजून कुणी रागावलेलं नाही. एका घरातून ‘असते कुठेतरी’ असं उत्तर आलं, तेव्हा मुलांना आमच्याकडेच खेळायला बोलावलं.