डिलिव्हरीची पोरं: नोकर की कंत्राटदार?

अरे, रत्नागिरीत चार पोरं घेऊन पार्सलचं काम चालू करतोयस, झकास! घाबरू नको, पण सुरुवातीला एवढं बघ.

कागदावर 'स्वतंत्र कंत्राटदार' लिहिलं की सुटलो, असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटायचं. सकाळी नऊला हजेरी घेतोस, टी-शर्ट तुझा, दुसरीकडे काम करायचं नाही म्हणतोस आणि महिन्याला ठरलेला पगार देतोस, तर उद्या भांडण झालं की कोर्ट कागद नाही, कामावर ताबा कोणाचा ते बघतं. खरंच कंत्राटी ठेवायचं तर गाडी त्याची, वेळ त्याची, पैसे फेरीवर.

- दर लिहून दे, तोंडी नको.
- गाडीचा विमा धंद्याच्या वापराचा आहे का बघ. माझा एक पोरगा हातखंब्याजवळ पावसात घसरला, आंब्याच्या पेट्या रस्त्यावर आणि पॉलिसी घरगुती, क्लेम गेला. दवाखान्याचं बिल मीच भरलं.
- पोरांची ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करून घे, फुकट आहे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे पक्क्या नोकरीबाहेर सुटं काम करणारे, आलेत, पण त्यांच्यासाठी उलाढालीच्या १-२ टक्के योगदान द्यायचं ते मोठ्या ॲपवाल्यांनी, तू आत्ता त्यात डोकं घालू नको. पीएफचं वीस माणसं झाली की बोलू.