विकण्याआधी घड्याळ पॉलिश करून घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की २०२२ च्या सुरुवातीला स्टीलचं स्पोर्ट्स घड्याळ लिस्ट प्राइसच्या (कंपनीच्या अधिकृत किमतीच्या) बरेच वर पैसे मोजून घेतलं, आता भाव उतरलेत, वॉरंटी संपत आलीय, आणि सर्व्हिसला देऊन ओरखडे काढून मग विकावं का. ते ओरखड्यांचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. घड्याळ अजून दिलं नसेल तर देऊ नका.

भावाचं आधी उरकतो. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने २०२१ मध्ये नॉटिलस ५७११ हे आपलं स्टीलचं मॉडेल बंद केलं. त्याच डिसेंबरात टिफनी या अमेरिकी ज्वेलरच्या खास निळ्या डायलचं एक ५७११ लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरला गेलं आणि लोकांना वाटायला लागलं की स्टील म्हणजेच सोनं. २०२२ च्या पहिल्या काही महिन्यांत सेकंड-हँड बाजार शिगेला पोहोचला, मग घसरला. तुम्ही नेमके तेव्हा घेतलंत. हेच घड्याळ ज्याला लिस्ट प्राइसला मिळालं, त्याला आज बहुधा फारसा फटका बसला नसेल. रोलेक्सची काही स्टील मॉडेल्स, पाटेक आणि ऑडेमार पिगेची मोजकी घड्याळं सोडली तर बाकी बहुतेक महागडी घड्याळं दुकानातून बाहेर पडली की किंमत गमावतात, हे माझं मत. सोन्याची ड्रेस घड्याळं, म्हणजे समारंभाला घालायची साधी, पातळ घड्याळं, तर हमखास. शिवाय ‘किंमत टिकली’ म्हणणारे सर्व्हिसचा खर्च, विक्रीचं कमिशन आणि महागाई धरतच नाहीत. (मी आर्थिक सल्लागार नाही. पंधरा-सोळा वर्षं घड्याळं घेतोय, विकतोय, एवढंच.)

आता माझी चूक. माझ्याकडे नव्वदच्या दशकातलं एक डायव्हिंग घड्याळ होतं. त्या काळी डायलवरच्या ठिपक्यांत ट्रिटियम असायचं, म्हणजे रंगाला अंधारात चमकवणारा किरणोत्सर्गी पदार्थ. त्याची चमक बारा-साडेबारा वर्षांत निम्म्यावर येते, म्हणजे माझं अंधारात केव्हाच दिसेनासं झालं होतं. पण ते ठिपके आणि काट्यांमधला रंग एकसारखा सायीसारखा पिवळसर झाला होता, आणि जाणकार पैसे मोजतात ते नेमके त्यालाच. मला ते माहीत नव्हतं. वाटलं, सर्व्हिस करून नीटनेटकं विकू. अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिलं, नाव घेत नाही. काउंटरवर फॉर्म पुढे आला, सही केली. वाचला नाही.

तीन महिन्यांनी घड्याळ आलं ते नवं डायल, नवे पांढरे काटे घालून आणि केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, पॉलिश करून. जुने भाग मागितले तर ‘आमच्या धोरणानुसार परत देत नाही’. फॉर्ममध्ये ते लिहिलेलं होतं म्हणे. फोन केला की दर वेळी नवा माणूस, मग पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी तेच वाक्य: ‘सर, घड्याळ आता अगदी नव्यासारखं झालंय.’ जुना माल विकत घेणाऱ्यासाठी तोच तर दोष असतो, हे त्या काउंटरवरच्या एकालाही समजावता आलं नाही. आजही आठवलं की संताप येतो.

पुढे गिऱ्हाईक आलं. त्याने भिंग लावून आधी डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली पाहिलं. तिथे ‘स्विस’ शब्दाला लागून बारीक ‘टी’ अक्षर असायचं, ट्रिटियमची खूण. ते गेलं होतं. मग त्याने घड्याळ आडवं धरून लग दाखवले. लग म्हणजे पट्टा जिथे अडकतो ते केसचे चार पाय. वरची बाजू ब्रश केलेली, म्हणजे बारीक रेघांची, बिनचकाकीची, कडेची आरशासारखी, आणि दोन्हींच्या मधे सुरीच्या पात्यासारखी सरळ रेघ असायला हवी. माझी रेघ वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं, तो परत येत नाही. (लेझर वेल्डिंगने धातू भरून कडा पुन्हा काढणारे कारागीर आहेत, पण तेही जाणकाराला सांगावं लागतंच.) त्याने जो भाव सांगितला त्यात काही खोट नव्हती. मी तो घेतला.

तुमचं घड्याळ नवीन आहे, ट्रिटियमचा प्रश्न नाही. पण लग तेच आहेत. वेळ बरोबर दाखवत असेल तर सर्व्हिसही नको. रोलेक्स स्वतः आपल्या घड्याळांना साधारण १० वर्षांचं अंतर सांगते. पाण्यात वापरत असाल तर गॅस्केट (पाणी आत जाऊ न देणाऱ्या रबरी रिंगा) आणि पाण्याच्या दाबाची चाचणी मात्र करून घ्या. काही कारणाने द्यायचंच झालं तर फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: पॉलिश नको, डायल आणि काटे बदलू नका, बदललेला प्रत्येक भाग परत द्या. ते कबूल नसतील तर घड्याळ उचला आणि चांगल्या स्वतंत्र कारागिराकडे जा. वॉरंटीत बाहेर उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते, तेवढं बघा. आणि देण्याआधी चारही लगचे आडवे फोटो काढा, तारखेसह.

विकताना ओरखडे लपवू नका, फोटोत दाखवा. न घासलेली केस आणि चार ओरखडे, हे गिऱ्हाइकाला चालतं. वॉरंटी कार्ड आणि खोकं शोधून ठेवा. ब्रेसलेट मनगटाला बसवताना काढलेल्या जास्तीच्या कड्याही शोधा, त्या नसल्या तर मोठ्या मनगटाचं गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं. माझ्या एकदा खोक्याच्या उशीखाली सापडल्या होत्या.