ताण तोच, मग चकत्याच जास्त का फुटतात?

प्रश्न : ॲल्युमिना या सिरॅमिकच्या पट्ट्या चार-बिंदू वाकवण चाचणीत (दोन आधारांवर ठेवून वरून दोन ठिकाणी दाबून) तोडल्या आणि वायबुल मॉड्युलस, म्हणजे नमुन्यांची ताकद किती एकसारखी आहे हे सांगणारा आकडा, काढला. तो १० आला. त्याच मालाच्या गोल चकत्या रिंगवर ठेवून दाबल्या. ताणाखालचं क्षेत्रफळ आणि कमाल ताण पट्ट्यांइतकाच ठेवला, म्हणून ५ टक्के फुटतील असं धरलं होतं. प्रत्यक्षात चौपट-पाचपट फुटतात. हिशेब कुठे चुकतो? – एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : ताण किती, हे तुम्ही नीट धरलंय. तो किती दिशांनी खेचतो, हे मात्र हिशेबात आलेलं नाही.

ठिसूळ पदार्थाची ताकद त्यातली सगळ्यात घातक चीर ठरवते. स्वीडनच्या वालोदी वायबुल यांनी १९३९ मध्ये संख्याशास्त्र उभं केलं ते याच आधारावर. वाकवताना पट्टीचा पृष्ठभाग एकाच दिशेने खेचला जातो. त्या दिशेला आडव्या चिरा उघडतात, तिरप्या कमी उघडतात आणि समांतर चिरांना काहीच होत नाही. चकतीच्या मध्यभागी सगळ्या दिशांनी सारखीच खेच असते, त्यामुळे चीर कशीही वळलेली असो, तिच्यावर पूर्ण ताण येतो.

तुमच्याच आकड्यांनी बघू. चकतीतले दोन्ही मुख्य ताण (एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांचे) स्वतंत्र मानले, तर ५ टक्क्यांचे जेमतेम १० होतात. ही सोपी रीत बरेच जण वापरतात. मला ती धोक्याची वाटते, कारण ती धोका कमी दाखवते. चिरा सगळ्या दिशांना सारख्या विखुरलेल्या आहेत असं धरून प्रत्येकीवरचा लंब ताण (तिला काटकोनात खेचून उघडणारा) मोजला, तर मॉड्युलस १० असताना जोखमीचा घातांक (ज्यावरून फुटण्याची शक्यता काढतात तो आकडा) सुमारे ५.७ पट होतो आणि शक्यता थेट २५ टक्क्यांवर जाते. बॅटडॉर्फ आणि क्रोस यांनी १९७४ मध्ये चिरांच्या दिशांचा असाच विचार मांडला. तिरप्या चिरांना शिअरही (चिरेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकवणारा ताण) फोडतो हे धरलं, तर पट्टीतल्या चिराही जास्त घातक ठरतात, पट्टी आणि चकतीमधलं अंतर घटतं आणि उत्तर १९ टक्क्यांच्या आसपास येतं. तुमचा चौपट-पाचपटीचा अनुभव नेमका या दोन उत्तरांच्या दरम्यानचा आहे.

पण एवढ्यावर थांबू नका. पट्ट्या कुठल्या दिशेने घासल्या होत्या? बहुधा लांबीच्या दिशेने, तसाच प्रघात आहे. घासकामात पडणाऱ्या सगळ्यात खोल चिरा घासण्याच्या दिशेनेच जातात, म्हणजे पट्टीत त्या खेचीला समांतर राहून लपतात. चकतीत त्यांना लपायला जागा नाही. मी तुटलेल्या तुकड्याची कड आधी तिरप्या उजेडात फिरवून बघतो. चिरेभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग दिसतो, पुढे पृष्ठभाग खरबरीत होत जातो. त्या आरशाच्या मध्यावर घासकामाची लांबट चीर दिसली, तर चिरा सगळीकडे सारख्या विखुरल्याचं गृहीतकच तुमच्या मालाला लागू नाही आणि वरची गणितंही तशीच्या तशी वापरता येणार नाहीत.

तेव्हा काही पट्ट्या मुद्दाम आडव्या घासून तोडा. त्यांची ताकद स्पष्ट घसरली, तर चकत्यांचा अंदाज त्याच आकड्यांवरून बांधा. घसरली नाही, तर शिअर धरणारं सूत्र वापरा. मॉड्युलस ठरवायला प्रत्येक गटात निदान ३० नमुने हवेतच. त्याहून कमी असतील, तर तो १० हा आकडाच डळमळीत आहे.