जुन्या डेस्कटॉपला नवे वाय-फाय कार्ड

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. हिशेबासाठी २००९ साली घेतलेला, विंडोज ७ असलेला डेस्कटॉप अजून चांगला चालतो. नुकतेच १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन घेतले. मोबाइलवर नव्वदच्या आसपास वेग मिळतो, संगणकावर मात्र वीसच्या पुढे जात नाही. कार्ड बदलावे की संगणकच?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : केवळ एवढ्यासाठी संगणक बदलू नये. आपण कळवलेल्या आकड्यांवरून आपले कार्ड ८०२.११जी या २००३ सालच्या मानकाचे असावे. त्याचा कागदोपत्री वेग ५४ एमबीपीएस असला, तरी प्रत्यक्षात वीस-बावीसच हाती लागतात. म्हणजे दोष कनेक्शनचा नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर कार्डाचा विचारही करू नका, लॅनची केबल जोडा. तिच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही.

कार्डच घ्यायचे असेल, तर दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड पाहावा. साधारण साडेआठ सेंटीमीटर लांबीचा, बहुधा पांढरा स्लॉट (कार्ड बसवण्याची खाच) पीसीआय या जुन्या पद्धतीचा. जुने कार्ड त्यातच असण्याची शक्यता अधिक. जेमतेम अडीच सेंटीमीटरचा आखूड स्लॉट पीसीआय एक्सप्रेसचा असून आजची कार्डे त्यात बसतात. मात्र वाय-फाय ६ च्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) विंडोज १० पासून पुढेच मिळत असल्याने, आपण वाय-फाय ५ चे, म्हणजे ८०२.११एसी मानकाचे कार्ड घ्यावे आणि खोक्यावर विंडोज ७ चा उल्लेख असल्याची खात्री करावी. १०० एमबीपीएससाठी ते पुरेसे आहे.

अँटेनाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि तेथेच पैसे वाया जातात. कॅबिनेटच्या मागे, पत्रा आणि भिंत यांच्या बेचक्यात अडकलेल्या अँटेनाला लहरी नीट मिळत नाहीत. त्यातून वेगवान वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड दगडी भिंतीपलीकडे फारच क्षीण होतात. म्हणून वायरीने टेबलावर आणून ठेवता येईल असा अँटेना असलेले कार्डच मागावे.

कार्ड बदलताना वीजजोडणी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, स्क्रू सोडवून जुने कार्ड सरळ वर ओढावे. कारखान्यातील संगणकात सुताचे बारीक तंतू स्लॉटच्या फटीत साचून घट्ट बसतात. ते कोरड्या मऊ ब्रशने काढल्याशिवाय नवे कार्ड दाबू नये, अन्यथा सोनेरी पट्ट्या नीट टेकत नाहीत आणि संगणकाला कार्ड दिसेनासे होते.

राउटर वाय-फायची दोन नावे दाखवत असेल, तर संगणक सवयीने जुन्या, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या नावालाच जोडला जाईल. तेव्हा ५ गिगाहर्ट्झचे नाव आपण स्वतः निवडावे आणि मगच वेग मोजावा.