ॲपवर ९५ टक्के, वहीत मात्र वजाबाकी चुकते

"शाळेनेच टॅब हातात दिलाय, मग घरी मी त्याला मोबाईल नको असं कोणत्या तोंडाने सांगू?" तिसरीतल्या मुलाला माझ्याकडे घेऊन आलेल्या, सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या आईचा हा पहिला प्रश्न. दुसरा तिने जरा दबक्या आवाजात विचारला. शाळेच्या गणिताच्या ॲपवर त्याला ९५ टक्के पडतात, घटक चाचणीत मात्र हातच्याची वजाबाकी हमखास चुकते. मुलगा आळशी झालाय का?

आधी वजाबाकीच पाहिली. कोऱ्या कागदावर ५२ − २७ दिलं. त्याने उभी मांडणी नीट केली आणि उत्तर लिहिलं ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. ८१ − ४६ चं उत्तर ४५, पुन्हा तेच. पाचही उदाहरणं एकाच पद्धतीने चुकवणारं मूल आळशी नसतं. त्याने एक नियम मनाशी पक्का केलेला असतो आणि तो नियमच चुकीचा असतो.

मग तेच गणित ॲपवर. खाली चार पर्याय. त्याने ३५ वर बोट ठेवलं, चौकट लाल झाली. लगेच २५ वर ठेवलं, हिरवी झाली, चांदणी मिळाली. ॲप शेवटचा प्रयत्न धरतं, त्यामुळे बाईंच्या यादीत 'बरोबर' अशी नोंद. पर्याय समोर, प्रयत्न हवे तितके आणि गुण शेवटच्या प्रयत्नाला, हे तिन्ही एकत्र आलं की ९५ टक्क्यांवरून काहीच कळत नाही. मुलगा लबाडी करत नव्हता; ॲपने त्याला रंग बघायला शिकवलं होतं.

उपाय काड्यांचा. शंभरेक काड्या (खराट्याच्या तोडल्या तरी चालतात) आणि रबरबँड. दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या आहेत आणि सुट्या दोनच, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. रबर निघालं की त्याच क्षणी वहीत दशकाच्या घरातला ५ खोडून ४ आणि एककाच्या घरात १२ लिहायचे. इथेच बहुतेक घरांत गडबड होते: मूल आधी सगळ्या काड्या मोजून २५ काढतं आणि वहीत उत्तर नंतर उतरवतं. उत्तर बरोबर येतं, पण काड्या आणि आकडे यांची गाठ पडत नाही. रोज पाचच उदाहरणं: दोन काड्यांनी, तीन काड्यांशिवाय. त्यानंतर टॅब, तोही पर्यायांवर कागदाची पट्टी ठेवून. आधी उत्तर वहीत, मग पट्टी काढायची, आणि पहिलं बोट लागेल तेच उत्तर.

टॅब बंद करा असं या आईला मुद्दामच सांगितलं नाही. मुलाचं वाचनही अडखळत होतं, आणि तिथे हेच यंत्र उपयोगी पडतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. जिथे ध्वनिफीत असेल तिथे ती ऐकताना ओळीखाली बोट फिरवायचं. चंद्राच्या कला किंवा बी रुजणं पडद्यावर हलताना दिसतं, ते पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही. कमी दिसणाऱ्या मुलाला तर अक्षर मोठं करता येणं हाच मोठा आधार. स्मार्ट बोर्डाचं मात्र एक खटकतं. त्यावर बहुतेकदा अक्षर तयारच उमटतं. 'क्ष' कुठून सुरू होतो आणि हात कुठे वळतो, हे मुलाला दिसत नाही. ते बाईंच्या खडूतूनच दिसतं.

पालकसभेला तक्रार घेऊन नव्हे, वहीचं ते पान घेऊन जा, असं आईला सुचवलं. बाईंनी पान पाहिलं आणि ॲपमध्ये फक्त पहिला प्रयत्न धरण्याची सोय होती, ती सुरू केली. आठवड्यात ९५ चे ४० टक्के झाले आणि आई घाबरून गेली. पण तोच खरा आकडा होता, आणि खरा आकडा दिसल्याशिवाय बाईंना तरी मदत कुठे करायची हे कसं कळणार?

आता पहिला प्रश्न. शाळेत टॅबचा तास ठरलेला असतो, बाई समोर असतात आणि एकच ॲप उघडतं. घरीही याच तीन अटी. गजर लावून ठरलेला वेळ, मोठं माणूस शेजारी, एकच ॲप; आणि मोबाईल जेवणाच्या टेबलावर, पण जेवताना नव्हे. ५ ते १० वयाच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत, आणि जितकं कमी तितकं बरं, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे. या हिशेबात शाळेतला टॅबही धरावा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं, आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर खेळायचं.

चौथ्या आठवड्यात दोन अंकी वजाबाकी काड्यांशिवाय बरोबर यायला लागली. ३०२ − १४७ ला तो अजून अडतो, कारण मधल्या शून्याकडून दशक मागायचा कसा हे त्याला कळत नाही. त्यासाठी खेळातल्या नोटा दिल्या आहेत: शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. पुढचे दोन आठवडे हे गणित टॅबवर करायचं नाही.