मन आणि मोजमाप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेतलंय. प्रोजेक्टसाठी ४० मुलींना विचारलं की रोज किती मिनिटं गाणी लावून अभ्यास करता, आणि त्यांचे मागच्या परीक्षेचे मार्क लिहून घेतले. सहसंबंध गुणांक उणे ०.३५ आला, पी-मूल्य ०.०३. ‘गाण्यांमुळे स्मरणशक्ती कमी होते, हे ९७ टक्के खात्रीने सिद्ध झाले’ असं लिहिलं, तर सरांनी वही परत दिली. चुकलं कुठे?
– एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : गणित बरोबर आहे, वाक्य चुकलं आहे. सहसंबंध गुणांक उणे १ ते १ यांमधला असतो, आणि तुमचा उणे ०.३५ एवढंच सांगतो की गाणी जास्त तिथे मार्क साधारणपणे कमी. आधी ‘९७ टक्के’ काढून टाका. पी-मूल्य ०.०३ याचा अर्थ एवढाच : गाणी आणि मार्क यांचा मुळीच संबंध नसता, तरी ४० जणींच्या नमुन्यात नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा गुणांक शंभरात सुमारे तीन वेळा दिसला असता. तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता किती, हे पी-मूल्य सांगत नाही. त्याच्याशेजारी विश्वासांतर, म्हणजे खरा गुणांक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, लिहा. तुमच्या आकड्यांवरून ते साधारण उणे ०.६० ते उणे ०.०४ येतं. म्हणजे संबंध बराच मोठा असू शकतो किंवा जवळजवळ नसल्यासारखाही असू शकतो. ४० जणींवरून याहून नेमकं बोलता येत नाही, आणि तसं लिहिण्यात कमीपणा नाही.

आता ‘मुळे’. ज्या मुलीला विषय कंटाळवाणा वाटतो तीच गाणी जास्त लावत असेल. जिचं घर राजवाड्याजवळच्या गजबजलेल्या रस्त्यावर आहे ती बाहेरचा आवाज दाबायला हेडफोन लावत असेल, आणि मार्क त्या गोंगाटामुळेच कमी पडत असतील. किंवा मार्क कमी पडले म्हणून अभ्यासाचा ताण आला आणि ताण घालवायला गाणी आली. एकच गुणांक या तिन्ही गोष्टींशी जुळतो. शिवाय परीक्षेचे मार्क म्हणजे स्मरण नव्हे. त्यात अक्षर, वेळेचं नियोजन आणि पेपर तपासणाऱ्याचा हात हे सगळं मिसळलेलं असतं.

‘मुळे’ लिहायचंच असेल तर प्रयोग करा. वर्गात एका दुपारी होतो.

सोळा शब्द निवडा. आपल्याकडच्या मुली घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलत आलेल्या असतात, म्हणून दोन्ही भाषांत सारखेच चालणारे शब्द घ्या : नदी, फूल, पुस्तक, आकाश असे. शब्द ऐकवू नका, दाखवा. ऐकवले तर गाण्याच्या आवाजात ते नीट ऐकूच येणार नाहीत आणि तुम्ही स्मरणाऐवजी कान मोजाल. प्रत्येक शब्द दोन सेकंद पडद्यावर. यादी संपली की ३० सेकंद तीन-तीन वजा करत उलटी मोजणी करायला लावा. ही पायरी बहुतेक प्रोजेक्टांत गाळलेली असते. ती गाळली तर शेवटचे काही शब्द ताजे असल्यामुळे सगळ्यांनाच येतात. ३० सेकंदांची मोजणी मध्ये घातली की शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा होतो, हे मानसशास्त्रज्ञ ग्लॅन्झर आणि क्युनिट्झ यांनी १९६६ साली दाखवलं. मग दोन मिनिटं, आठवतील ते शब्द हव्या त्या क्रमानं लिहायचे.

गट पाडताना ४० चिठ्ठ्या करा : २० ‘गाणं’, २० ‘शांतता’. पुढचे बाक आणि मागचे बाक, हजेरी क्रमांक, ‘तुला कोणता गट आवडेल’ यांपैकी काहीही नको. मैत्रिणी एकत्र बसतात आणि मैत्रिणींच्या सवयीही सारख्या असतात. चिठ्ठी टाकली की आवड, घर, हुशारी हे सगळं दोन्ही गटांत जवळपास सारखं विखुरतं. सगळी मदार चिठ्ठीवर आहे. गाणं सगळ्यांना एकच, आवाजाची पातळी एकच, आणि शब्दांचं गाणं की नुसतं वाद्यसंगीत हे अहवालात लिहा. लिहिताना दोन्ही गटांना शांतता द्यायची की नाही, हेही आधी ठरवा. शब्द पाहताना गाणं आणि लिहिताना शांतता असेल तर गाण्याबरोबर वातावरणाचा बदलही मोजला जातो, आणि मग फरक कशाचा ते कळत नाही.

उत्तरपत्रिकेच्या मागे फक्त सांकेतिक क्रमांक असू द्या, नाव नको. तपासणारीला गट माहीत नसावा. शुद्धलेखनाची चूक चालेल का, ‘पुस्तक’ऐवजी ‘किताब’ लिहिलं तर गुण द्यायचा का, हे एकही पत्रिका उघडण्याआधी कागदावर उतरवा. नंतर ठरवलं की मन नकळत आपल्या निष्कर्षाकडे झुकतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मुलींच्या गुणांचं प्रमाण विचलन (हिंदी पुस्तकातलं मानक विचलन), म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते, समजा अडीच शब्दांचं निघालं. मग वीस-वीसच्या गटांत सरासरीतला फरक साधारण १.६ शब्दांचा असल्याशिवाय टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक नुसता योगायोगाचा असेल का, हे तपासणारी) त्याला लक्षणीय, म्हणजे योगायोगापलीकडचा, म्हणणार नाही. एका शब्दाचा खरा फरक बहुधा हातातून निसटेल. उपाय आहे : प्रत्येकीला दोन्ही स्थितींतून जाऊ द्या, दोन वेगळ्या याद्यांसह. पण मग दहा-दहाचे चार गट करा, म्हणजे गाणं आधी की नंतर आणि कोणती यादी कोणत्या स्थितीत, या दोन्ही गोष्टींची फिरवाफिरव होईल. आकडेमोड मात्र जोडीच्या टी-चाचणीनं करा. प्रत्येकीची तुलना स्वतःशीच झाल्यानं मुळातल्या हुशारीचा फरक वजा होतो. सुरुवातीला संमती घ्या आणि मध्येच उठून जायची मोकळीक द्या. हे अहवालात एका ओळीत आलंच पाहिजे.

प्रश्न : इंदूरच्या मराठी घरांत मुलांशी मराठी किती बोललं जातं, याचा सर्व्हे आम्ही काही जण करतोय. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फॉर्म पाठवला आहे. किती उत्तरं आली म्हणजे पुरे?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : किती, याआधी कोणाची, ते पाहू. मंडळाच्या ग्रुपवर मराठीची ओढ असलेलीच माणसं असतात, आणि त्यांतही मराठीतला फॉर्म भरणारी अधिक ओढीची. ज्या घरातून मराठी गेली ते घर त्या ग्रुपवर नाही. नेमकं तेच घर तुम्हाला मोजायचं आहे.

मोठा आकडा हे दुखणं बरं करत नाही. १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि साप्ताहिकानं लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड फरकानं. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, आणि उत्तर पाठवणारेही मुळात वेगळे होते.

त्यापेक्षा जुनी वस्ती, लोकमान्यनगर, सुदामानगर, विजयनगर असे वेगवेगळे भाग घ्या. मंडळ, शाळा, सोसायट्या अशा अनेक ठिकाणांहून मराठी कुटुंबांची यादी बनवा आणि तिच्यातून चिठ्ठीनं १०० घरं काढा. दार बंद असेल तर शेजारच्या घरात जाऊ नका. त्याच घरी वेगळ्या वेळी पुन्हा जा, कारण नोकरी करणारी जोडपी दुपारी घरी नसतातच. अशा १०० घरांवरून काढलेल्या टक्केवारीत दोन्हीकडे सुमारे १० टक्क्यांची चूक धरावी लागते, ४०० घरांवर ५ टक्क्यांची. चूक निम्मी करायला काम चौपट, हा हिशेब मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच सांगा. हे आकडेही चिठ्ठीनं निवडलेल्या नमुन्यालाच लागू पडतात. ग्रुपवरच्या फॉर्मला ते लावू नका.

प्रश्नही बदला. ‘तुम्ही मुलांशी मराठीत बोलता का?’ याला मराठी माणूस नाही कसा म्हणेल? ‘काल रात्री जेवताना मुलाशी कोणत्या भाषेत बोललात?’ असं विचारा. आणि तोच प्रश्न मुलाला वेगळा विचारा.

प्रश्न : मुलगा नववीत, दर आठवड्याला कोचिंगची टेस्ट असते. मार्क पडले की मी रागावतो आणि पुढच्या वेळी ते वाढतात. कौतुक केलं की घसरतात. हे वर्षभर पाहतोय. मग कौतुक बंद करावं का?
– एक पालक, भंवरकुआं

उत्तर : बंद करू नका. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, पण त्याचं कारण तुमचा राग नसण्याचीच शक्यता फार आहे. टेस्टच्या मार्कांत तयारी असते आणि त्या दिवसाचं नशीबही असतं : पाहिलेलाच प्रश्न आला, झोप नीट झाली नाही. फार चांगल्या मार्कांत नशिबाचा हात असतो, फार वाईटांतही असतो, आणि तो पुढच्या आठवड्यात तसाच राहत नाही. समजा वर्गाची सरासरी ६० आहे आणि लागोपाठच्या दोन टेस्टमधला सहसंबंध ०.६ आहे. आज ८५ मिळवणाऱ्यांची पुढची सरासरी ७५ च्या आसपास येईल, ३५ वाल्यांची ४५ च्या. कोणीही रागावलं नाही, कोणीही कौतुक केलं नाही, तरीही.

फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली उंचीबाबत हेच दाखवलं. उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं तेवढी नाहीत. उलट बाजूनं पाहिलं तर उंच मुलांचे आईवडीलही मुलांएवढे उंच नसतात. उलटही घडतं म्हणजे कारण-परिणामाची ती गोष्टच नाही.

पडताळा सोपा आहे. कमी मार्कांनंतर ज्या वेळी तुम्ही गावाला होतात किंवा काहीच बोलला नाहीत, त्या वेळचे पुढचे मार्क वहीत पाहा. ‘कच्च्या मुलांची खास बॅच, महिन्यात मार्क वाढले’ अशी जाहिरात दिसली तर हाच हिशेब लावा : खास बॅच न मिळालेल्या तितक्याच कच्च्या मुलांचे मार्क किती वाढले?

प्रश्न : आमच्या परिचयातले ज्योतिषी पत्रिकेवरून स्वभाव सांगतात आणि तो तंतोतंत जुळतो. याला शास्त्र का म्हणू नये?
– एक ज्येष्ठ वाचक, इंदूर

उत्तर : तुम्हाला जुळल्यासारखं वाटलं, यात शंका नाही. पण मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचा स्वभाव’ म्हणून एकच मजकूर दिला, आणि नेमकेपणासाठी त्यांनी त्याला सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले. म्हणून ‘जुळला’ ही तक्रार किंवा पावती पुरत नाही, तुलना लागते.

तशी तुलना जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात करून पाहिली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं ते सांगितलं. नाणं उडवून २० बरोबर यावीत, आली सरासरी १७.२५. एकाची २४ बरोबर आली, पण त्यावरून त्याला जाणकार म्हणता येत नाही. नुसतं नाणं उडवणाऱ्या २७ जणांतही तिघा-चौघांना २४ किंवा अधिक मिळतात.

तुमच्या परिचितांची तयारी असेल तर घरीच करा. दहा जणांच्या पत्रिकांवरून दहा वर्णनं लिहून घ्या. प्रत्येकापुढे पाच ठेवा, एक त्याचं आणि चार इतरांची, आणि स्वतःचं ओळखायला सांगा. अंदाजानं दहापैकी दोघांचं जुळेल. पाच किंवा अधिक जुळणं योगायोगानं शंभरात तीन वेळाच घडतं, तेव्हा तसं झालं तर नव्या दहा जणांवर पुन्हा करून पाहा. वर्णनांतून वय, व्यवसाय, रास, ग्रहांची नावं काढून टाका. आणि सगळी वर्णनं ‘तुम्ही हट्टी आहात, पण मनानं हळवे’ अशा आदरार्थी रूपात, स्त्री-पुरुष दोघांनाही एकाच रूपात लिहा, नाहीतर ‘हळवी’, ‘बोलतो’ एवढ्यावरूनच अर्धी वर्णनं बाद होतील आणि पाचातली निवड दोन-तिनातली होऊन बसेल.