हिटलर निवडून आला की बसवला?

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. परवा जेवताना म्हणाला हिटलरला लोकांनी निवडून दिलं, मी म्हटलं छे, त्याने सत्ता बळकावली. दोन दिवस घरात तेच चालूये. इतिहासकार नक्की काय लिहितात? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : पूर्ण मार्क दोघांनाही नाहीत, कारण इतिहासकारांचं भांडणच मुळात या क्रियापदावरून आहे. नोव्हेंबर १९३२ ला नाझी पक्ष सगळ्यात मोठा होता हे खरं, पण मतं ३३ टक्के, आणि जुलैत ३७ होती म्हणजे गाडी उताराला लागलेली. तरी ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधानासारखा) झाला, कारण माजी चॅन्सेलर फॉन पापेन वगैरे मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गला पटवलं की मंत्रिमंडळात नाझी हिटलर धरून तिघंच, बाकी आपली माणसं, हा काय करणार! म्हणून जानेवारीपुरतं 'बसवला' हेच बरोबर, असं मला वाटतं.

इटलीच्या मुसोलिनीचं तर अजून भारी. १९२२ ची 'रोमवर चाल' त्याच्या फासिस्टांनी नंतर क्रांती म्हणून मिरवली, पण ती मोडायला लष्करी कायदा लावायच्या आदेशावर राजाने सही केली नाही म्हणून ती जमली, आणि साहेब स्वतः मिलानहून रात्रीच्या गाडीने बर्थवर झोपून आले. म्हणजे मोर्चा आझाद मैदानात आणि नेता स्लीपर कोचमध्ये.

हे झालं वरचं राजकारण. १९६५ साली एका अमेरिकन इतिहासकाराने नॉर्थाइम नावाच्या छोट्या जर्मन गावावर लिहिलं, गावाचं नाव बदलून, आणि मला स्वतःला असलं लिखाण जास्त आवडतं. तिथले नाझी सभेला तिकीट लावायचे, कुठल्या वक्त्याला हॉल भरतो ते बघायचे आणि त्यालाच परत बोलवायचे, आणि त्यांच्या मागे गेले ते जास्त करून बेकार झालेले नाहीत, तर आपली पण वेळ येईल म्हणून घाबरलेले दुकानदार-कारकून. सत्ता आल्यावर गाण्याच्या मंडळांपासून सगळं पक्षाच्या ताब्यात, मग लोक एकमेकांकडे जायचेच कमी झाले.

तुमचं 'बळकावली' फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा. संसदेला आग लागली, दुसऱ्या दिवशी नागरिकांचे हक्क गुंडाळले, विरोधक तुरुंगात, आणि २३ मार्चला कायदे करायचे सगळे अधिकार सरकारकडे, विरोधात मतं फक्त ९४. एवढी मारहाण करूनसुद्धा ५ मार्चच्या निवडणुकीत नाझींना जेमतेम ४४ टक्के, एकट्याचं बहुमत तेव्हाही नाही. हे मुलाला सांगा, पण जेवण झाल्यावर.